हायरोग्लिफ संगणकात साठवायची कशी: चित्र, कोड की युनिकोड?

प्रश्न विचारणारी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. हायरोग्लिफ म्हणजे प्राचीन इजिप्तची चित्रलिपी; तिच्यातल्या कोरीव लेखांचा एक छोटा ऑनलाइन संग्रह ती तयार करते आहे. पुस्तकात चिन्हं एकावर एक रचलेली, एकमेकांच्या पोकळीत बसवलेली दिसतात. संगणकावर टाकली की सगळी एका ओळीत पसरतात आणि काहींच्या जागी नुसते रिकामे चौकोन येतात. तेव्हा सरळ चित्रं जोडावीत, जुने अभ्यासक वापरतात तो अक्षर-आकड्यांचा कोड घ्यावा, की युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देणारं मानक? आणि युनिकोडमध्ये आता सगळी चिन्हं आली का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. मूळ प्रत कोडमध्ये ठेवा, तिच्यातून युनिकोड तयार करा आणि लेखाचा फोटो पुरावा म्हणून शेजारी लावा. नुसती चित्रं ठेवलीत तर संग्रहात काहीही शोधता येणार नाही. नुसतं युनिकोड ठेवलंत तर बहुतेकांच्या पडद्यावर मांडणी आजही मोडलेली दिसेल, आणि दुरुस्त करायला बसाल तेव्हा हातात वाचता येईल असं काही नसेल. ‘सगळी आली का’ याचं उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे, आणि पुढेही ते पूर्ण ‘हो’ होईल असं मला वाटत नाही. त्याचं कारण तांत्रिक कमी आणि लिपीच्या स्वभावातलं जास्त आहे.

मी फॉन्ट आणि मजकूर-एन्कोडिंगचं (चिन्हांना संगणकात क्रमांक देण्याचं) काम करतो, त्यामुळे या विषयाकडे त्या बाजूने बघतो. इजिप्शियन भाषेचं व्याकरण शिकवणं माझं काम नाही.

ज्या कोडबद्दल तुम्ही विचारता त्याचा पाया ब्रिटिश अभ्यासक ॲलन गार्डिनर यांच्या इजिप्शियन व्याकरणात आहे. ते १९२७ साली निघालं आणि त्याच्या शेवटी चिन्हांची वर्गवार यादी होती. इंग्रजी मुळाक्षरांतलं ‘जे’ वगळून बाकीची अक्षरं आणि शेवटी ‘एए’, असे २६ वर्ग. ए म्हणजे पुरुष, बी म्हणजे स्त्रिया, जी म्हणजे पक्षी, एन म्हणजे आकाश, जमीन आणि पाणी. एए हा वर्ग नेमकं काय आहे ते ठरवता न आलेल्या चिन्हांचा. प्रत्येक यादीत असा एक कप्पा लागतोच. म्हणून घुबड जी१७, पाण्याची नागमोडी रेघ एन३५. हे क्रमांक आजही अभ्यासकांच्या तोंडी आहेत.

गार्डिनर यांनी या पुस्तकासाठी छपाईचे खिळेही खास पाडून घेतले. त्यांची रेखाटनं नॉर्मन आणि नीना डेव्हिस या दांपत्याने केली आणि त्यासाठी थेब्समधल्या अठराव्या राजवंशाच्या थडग्यांतली वळणं समोर ठेवली. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षं चाललेल्या लिपीचा आपल्या ओळखीचा छापील चेहरा एका परिसरातला आणि एका काळातला आहे. फॉन्टमधलं घुबड आणि तुमच्या फोटोतलं घुबड जुळत नसेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा ती फॉन्टची बाब असते, एन्कोडिंगची नव्हे.

संगणक आल्यावर १९८४ साली पॅरिसमध्ये इजिप्तविद्येचे अभ्यासक या प्रश्नावर एकत्र बसले आणि त्यातून पुढे ‘मॅन्युएल द कोडाज’ ही पद्धत तयार झाली. तिची सर्वपरिचित आवृत्ती १९८८ ची. युक्ती अगदी साधी: चिन्हासाठी गार्डिनरचा क्रमांक किंवा त्याचा उच्चार, आणि मांडणीसाठी विरामचिन्हं. आडवी रेघ म्हणजे पुढच्या गटाकडे जा, विसर्गासारखे दोन ठिपके म्हणजे खाली रचा, तारा म्हणजे शेजारी ठेवा. राजाच्या नावाभोवतीच्या लांबट वर्तुळासाठी, म्हणजे कार्टूशसाठी, कोनी कंस.

टॉलेमी या राजाचं नाव घेऊ. रोझेटा शिळेवरचं (एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला दगड) हे नाव फ्रेंच अभ्यासक शांपोल्यों यांनी १८२२ मध्ये केलेल्या या लिपीच्या उलगड्यात कळीचं ठरलं. ते या पद्धतीत असं लिहितात (मूळ कोड रोमन अक्षरांत असतो, इथे मी देवनागरीत उतरवतो):

<क्यू३:एक्स१-व्ही४-ई२३:एए१५-एम१७-एम१७-एस२९>

वाचून बघा. चौकोनी बैठक ‘प’, तिच्याखाली पावाचा छोटा अर्धगोल ‘त’. मग दोराचा फास. मग पहुडलेला सिंह ‘ल’, आणि त्याच्या खाली ‘म’ची आडवी पट्टी. मग बोरूची दोन पाती, शेवटी घडी घातलेलं कापड ‘स’. एका ओळीत सगळं आलं: कोणती चिन्हं, कुणाच्या खाली कोण, कशाच्या आत काय. हे साध्या नोटपॅडमध्ये लिहिता येतं, ईमेलमधून पाठवता येतं, आणि तीस वर्षांनी उघडलं तरी डोळ्यांनी वाचता येतं. मूळ प्रत कोडमध्ये ठेवा असं मी म्हणतो ते यासाठी.

पद्धतीची दुसरी बाजूही आहे. मूळ पद्धत एक, पण पुढे ज्याने त्याने आपल्या सॉफ्टवेअरपुरती तिच्यात भर घातली. चिन्ह थोडं लहान करणं, फिरवणं, एकाच्या पोटात दुसरं बसवणं, या गोष्टी एका प्रोग्राममध्ये एका प्रकारे, दुसऱ्यात दुसऱ्या प्रकारे. युनिकोडच्या आधी मराठी मजकुराची जी गत होती, एका फॉन्टमध्ये टंकलेलं दुसऱ्यात उघडलं की भलतंच, तिच्याशी हे चांगलंच जुळतं. म्हणून कोडमध्ये लिहाल तेव्हा कोणत्या प्रोग्रामची बोली वापरली ते फाइलच्या डोक्यावर नोंदवा. आज बहुतेक जण सर्ज रोस्मोरदुक यांचं ‘जेसेश’ वापरतात. ते मोफत आहे, आणि त्याची फाइल हा साधा मजकूरच असतो. तुम्हीही तेच घ्या.

आता युनिकोड. ऑक्टोबर २००९ मध्ये आवृत्ती ५.२ आली आणि तिच्यात इजिप्शियन हायरोग्लिफची १,०७१ चिन्हं आली, मुख्यतः गार्डिनरच्या यादीवर आधारलेली. पण फक्त चिन्हं आली. कोण कुणाच्या खाली, हे सांगायची सोय त्यात नव्हती. तुमची चिन्हं ओळीत पसरतात ती त्या वेळच्या या निर्णयामुळे. तेव्हाची समजूत अशी होती की मांडणी हे वरच्या थरातल्या सॉफ्टवेअरचं काम आहे. ती चुकीचीच होती असं म्हणवत नाही, पण वापरणाऱ्यांना तिचा उपयोग झाला नाही. गणिताच्या सूत्रातला अपूर्णांकही असाच वरच्या थरात जातो, मात्र तिथे ते थर तयार होते. इथे प्रत्येकाने आपापला बनवला. विकिपीडियावरची हायरोग्लिफं बघा: तिथे एका टॅगमध्ये मॅन्युएलचाच कोड लिहितात आणि पडद्यावर छोटी छोटी चित्रं उमटतात.

दहा वर्षांनी, २०१९ च्या आवृत्ती १२ मध्ये, मांडणीची नऊ नियंत्रक चिन्हं आली. ती स्वतः दिसत नाहीत, शेजारच्या चिन्हांना जागा सांगतात. खाली जोडणारं एक, बाजूला जोडणारं एक, चार कोपऱ्यांत घुसवणारी चार, एकावर एक छापणारं एक, आणि गट बांधायला कंसासारखी दोन. कोपऱ्यांची नावं ठेवताना डावा-उजवा म्हटलेलं नाही, ‘आरंभाकडचा’ आणि ‘शेवटाकडचा’ म्हटलंय. ही लिपी दोन्ही दिशांनी लिहीत, आणि प्राणी-माणसांची तोंडं ओळीच्या आरंभाकडे असत. उजवीकडून सुरू होणारा मजकूर दाखवताना सगळं उलटतं, तरी ‘आरंभाकडचा वरचा कोपरा’ ही सूचना खरीच राहते.

सप्टेंबर २०२२ च्या आवृत्ती १५ मध्ये आणखी २९ चिन्हं आली. कार्टूशच्या आतला भाग कुठे सुरू होतो, कुठे संपतो. चिन्ह आरशातल्यासारखं उलटं कर. इथे एक चिन्ह होतं पण गेलं. आणि मोडतोडीच्या खुणा. मोडतोडीची रचना मला फार आवडते. चिन्हाचे चार चतकोर धरायचे, त्यातला कोणता कोणता खराब झालाय ते सांगायचं. एकही खराब नाही हा प्रकार सोडला तर १५ शक्यता उरतात, म्हणून १५ खुणा. शिलालेखाचं काम करणाऱ्याला ही सोय दागिन्याइतकी मोलाची आहे.

टॉलेमीचं तेच नाव आता युनिकोडमध्ये मोजू. चिन्हं आठ. खाली जोडणारी नियंत्रकं दोन, कारण रचलेल्या जोड्या दोन. कार्टूशचं एक टोक आणि दुसरं टोक, म्हणजे दोन. आतला भाग सुरू आणि संपला हे सांगणारी आणखी दोन. एकूण १४ कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडचे क्रमांक. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येकाला चार बाइट लागतात, म्हणजे ५६ बाइट. देवनागरीच्या अक्षराला तीन लागतात.

हा चार बाइटांचा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण आपल्याकडचे लोक नेमके इथे फसतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ८’ नावाचा जो जुना प्रकार आहे तो तीनच बाइट धरतो. मराठी त्यात बिनबोभाट चालतं, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. हायरोग्लिफ टाकलं की नोंद नाकारली जाते किंवा तिथूनच कापली जाते. टेबल बनवतानाच ‘यूटीएफ८एमबी४’ निवडा. तसंच जावास्क्रिप्टला या नावाची लांबी विचारलीत तर ती १४ न सांगता २८ सांगेल, कारण ही चिन्हं युनिकोडच्या पहिल्या ६५,५३६ जागांच्या पलीकडे आहेत आणि तिथल्या प्रत्येकाला ती भाषा दोन एकक मोजते. शोधलेल्या शब्दाला रंग देताना अर्धंच चिन्ह कापलं गेलं तर कारण हेच.

मांडणी पडद्यावर कोण करतं? फॉन्ट आणि आकार-इंजिन (चिन्हं कशी जोडून मांडायची ते ठरवणारं सॉफ्टवेअर) मिळून. मराठी वाचकाला हे नवं नाही. आपण ‘क’, हलन्त आणि ‘ष’ टंकतो आणि ‘क्ष’ उमटतो. साठवणीत तीन कोडपॉइंटच असतात. खाली जोडणारं नियंत्रक हे त्याच घराण्यातलं. आणि इथे एक खराखुरा दुवा आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या वेळी जे सर्वसमावेशक आकार-इंजिन आणलं, तेच ब्राह्मीपासून निघालेल्या अनेक लिप्याही जुळवतं आणि हायरोग्लिफचे गटही. त्याच्या नियमावलीत हायरोग्लिफ, त्यांना जोडणारं चिन्ह, गटाची सुरुवात आणि शेवट असे वेगळे वर्ग आहेत. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस हे सगळे मजकूर मांडायला वापरतात त्या हार्फबझ या सॉफ्टवेअरमध्येही हे इंजिन आहे. तेव्हा इंजिनची बाजू बऱ्यापैकी मार्गी लागलीय. अडतं ते फॉन्टपाशी. एकाखाली एक रचताना चिन्ह किती लहान करायचं याचे आकार फॉन्टमध्ये आधीच भरून ठेवावे लागतात, आणि हजारो चिन्हांसाठी हे करणं म्हणजे जिकिरीचं काम. तुम्हाला चौकोन दिसतात त्या अर्थी फॉन्टमध्ये चिन्हच नाही. ओळीत पसरलेली दिसतात त्या अर्थी चिन्ह आहे पण एकतर नियंत्रकं टाकलेली नाहीत किंवा फॉन्ट ती ओळखत नाही. दोन वेगळी दुखणी आहेत, एकच औषध चालणार नाही. वेबसाइटवर फॉन्ट स्वतः जोडून द्या, वाचणाऱ्याच्या फोनवर विसंबू नका. (एका प्रचलित फॉन्टमधून पुरुषाच्या जननेंद्रियाची तीन चिन्हं सोवळेपणाने गाळलेली होती. ‘बैल’, ‘नवरा’ अशा साध्या शब्दांत ती येतात, तिथे मग भोक पडतं.)

आता ‘सगळी चिन्हं आली का’. खरा गुंता इथे आहे.

जी३६ आणि जी३७ हे दोन पक्षी शेजारी ठेवून बघा. दोघेही छोटे, सारख्याच बांध्याचे. पहिला पाकोळीसारखा, शेपूट दुभंगलेलं, आणि तो ‘मोठा’ या अर्थाच्या शब्दात येतो. दुसरा चिमणी, शेपूट गोलसर, आणि तो लहान, वाईट, दुबळं अशा शब्दांच्या शेवटी येतो. फरक फक्त शेपटाचा, अर्थ जवळजवळ उलटा. साहजिकच दोघांना दोन कोडपॉइंट. याउलट घुबडाच्या पंखांवर रेघा चार असोत की दहा, ते जी१७ च. एन्कोडिंग करणाऱ्याला प्रत्येक चिन्हापाशी हेच ठरवावं लागतं: हा फरक लिहिणाऱ्याने अर्थासाठी केला, की त्याच्या हाताचं वळण तसं होतं? देवनागरीत ‘झ’ दोन वळणांनी लिहिला तरी अक्षर एकच, हे आपण आज जिवंत माणसांना विचारून सांगू शकतो. तारीख माहीत असलेला शेवटचा हायरोग्लिफ लेख फिलीच्या देवळातला, २४ ऑगस्ट ३९४ चा. त्यानंतर विचारायला कोणी उरलं नाही.

काही ठिकाणी युनिकोडने फरक केला आणि पंचाईत झाली. टॉलेमीच्या नावातली बोरूची दोन पाती मी दोन एम१७ म्हणून लिहिली. पण जोडपात्यांचं एक स्वतंत्र चिन्हही आहे, एम१७ए. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. तुम्ही एका लेखात हे आणि दुसऱ्यात ते वापरलंत तर शोधताना निम्मे टॉलेमी गायब. उभ्या रेघेचंही तसंच: शब्दाच्या शेवटी येणारी झेड१ वेगळी आणि एक हा आकडा दाखवणारी झेड१५ वेगळी. माझा सल्ला: सुरुवातीलाच अशा जोड्यांची यादी करा, एक रूप ठरवा, आणि शोधाच्या वेळी दोन्ही एकच धरा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढे शंभर तास वाचवतं.

दुसऱ्या टोकाला टॉलेमी राजे आणि रोमन काळातली देवळं: एडफू, देंदेरा, एस्ना. अभिजात काळात सातशे-हजार चिन्हांत काम भागत होतं, या देवळांत ती संख्या कित्येक हजारांवर गेली. पुरोहितांनी चिन्हांशी अक्षरशः खेळ मांडला. एस्नाच्या देवळात एक स्तोत्र जवळजवळ नुसत्या मेंढ्यांनी लिहिलंय आणि दुसरं मगरींनी. प्रत्येक मेंढ्याचं शिंग, मुकुट, बसण्याची ढब किंचित वेगळी. आता सांगा, ही किती चिन्हं?

या काळासाठी ‘हायरोग्लिफिका’ नावाची मोठी यादी १९९३ मध्ये आणि पुढे वाढवून २००० मध्ये निघाली. अनेक सॉफ्टवेअरांनी ती जशीच्या तशी उचलली. पण तिच्यातल्या बऱ्याच चिन्हांपुढे ती कोणत्या लेखात सापडली याचा उल्लेखच नाही. काही जुन्या छापखान्यांच्या यादीतून आली, काही कुणाच्या चुकीच्या नकलेतून. अशा भुतांना युनिकोडमध्ये घ्यायचं नाही, कारण तिथे एकदा दिलेली जागा परत घेता येत नाही.

म्हणून पुढचा विस्तार यायला सप्टेंबर २०२४ उजाडलं. आवृत्ती १६ मध्ये एका नव्या खंडात ३,९९५ चिन्हं आली. त्या आवृत्तीत एकूण नवी चिन्हं होती ५,१८५, म्हणजे तीन चतुर्थांशांहून जास्त एकट्या इजिप्तची. नावांची पद्धतही बदलली. जुन्या चिन्हांच्या नावात गार्डिनरचा क्रमांक होता, नव्यांच्या नावात त्यांचा स्वतःचा कोडपॉइंटच आहे, चिनी अक्षरांसारखा. वेगवेगळ्या यादीकारांनी एकच क्रमांक भलत्याच चिन्हांना दिलेला होता; त्या भांडणात न पडणं शहाणपणाचंच.

त्याबरोबर ‘युनिकेमेट’ नावाची तक्त्याची फाइल आली, आणि तुमच्या कामाला खरी मदत तिची होईल. प्रत्येक चिन्हापुढे वर्णन, वर्ग, उच्चार किंवा काम, आणि जेसेश व हायरोग्लिफिका यांतले क्रमांक दिले आहेत. तुमच्या जेसेश फाइलमधून युनिकोड काढायचं भाषांतर-कोष्टक आयतं तयार आहे. शिवाय प्रत्येक चिन्ह गाभ्यातलं आहे की केवळ जुन्या नोंदींसाठी ठेवलेलं, हेही तिथे सांगितलंय. जुन्या १,०७१ मधली काही या दुसऱ्या प्रकारात गेली, कारण दोन चिन्हं जोडून झालेला आकार आता नियंत्रकांनी करता येतो. नवी नोंद करताना गाभ्यातलीच वापरा. या यादीत जेसेशचं चिन्ह मिळालं नाही, तर फॉन्टच्या खासगी जागेत (ज्याने त्याने हवं ते ठेवावं म्हणून युनिकोडने मोकळे सोडलेले क्रमांक) कुठेतरी कोंबू नका. कोडमध्ये ते तसंच राहू द्या, युनिकोडच्या रकान्यात हरवलेल्या चिन्हाची खूण न टाकता ‘एन्कोड नाही’ असं वेगळं नोंदवा. हरवलेलं म्हणजे दगडावरून गेलेलं. इथे ते दगडावर आहे, फक्त यादीत नाही.

दिशेबद्दल. मजकूर नेहमी वाचनक्रमाने साठवा, डावीकडून उजवीकडे, मूळ लेख उजवीकडून असो की उभ्या स्तंभात. मूळ दिशा वेगळ्या रकान्यात लिहा. आरसा-नियंत्रक संपूर्ण लेख उलटवायला वापरायचं नसतं. शेजाऱ्यांच्या उलट तोंड करून एखादंच चिन्ह बसलं असेल तिथे ते टाकायचं.

तुमच्या संग्रहात पपायरस येणार असतील तर एक गोष्ट आधी कळलेली बरी. त्यांवरचं हिएरॅटिक हे झरझर लिहिलेलं वळण असतं आणि अभ्यासक ते छापताना हायरोग्लिफमध्ये उतरवून घेतात. तुम्हीही तसंच करा, पण हे उतरवलेलं आहे असा उल्लेख ठेवा. डेमॉटिक या त्यानंतरच्या, आणखी झरझरीत लिपीला युनिकोडमध्ये स्वतःची जागा नाही. तिथे फक्त रोमन अक्षरांतलं लिप्यंतर आणि फोटो.

आणि लिप्यंतर तर प्रत्येक नोंदीला हवंच. लोक शेवटी शोधतात ते त्यातूनच. बर्लिनच्या अकादमीचा इजिप्शियन शब्दांचा मोठा ऑनलाइन कोशही लिप्यंतरावरच उभा आहे. तिथेही जुनी गंमत आहे. अलेफ आणि आयिन या इजिप्शियन व्यंजनांची खास रोमन अक्षरं युनिकोडमध्ये २००८ ला आली, पण बोरूच्या पात्याचा जो ध्वनी योद, त्याचं अक्षर थेट २०१९ ला. मधल्या अकरा वर्षांत ज्याने त्याने आय या अक्षरावर हाताला लागेल ती खूण ठेवून काम चालवलं. त्यामुळे जुन्या पीडीएफमधून लिप्यंतर उचलाल तर योदची तीन-चार रूपं हमखास मिळतील. डेटाबेसमध्ये घेण्याआधी ती सगळी नव्या अक्षरात बदलून घ्या, आणि शोधाच्या खिडकीत साधा आय टंकला तरी सापडेल अशी व्यवस्था करा, कारण तो खास योद कुणाच्याही कीबोर्डवर नसतो.